अंगावरचे पित्त : कारण ताटात की रक्तात?

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखादा आरोग्यविषयक लेख देण्याची आमच्या संस्थेची प्रथा आहे. हे लेख सामान्यतः आमच्या डॉक्टर मंडळींच्या लेखणीतून उतरतात. या वर्षीचा लेख मात्र प्रशासनाच्या टेबलावरून लिहिला जात आहे. आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. परंतु ज्या चुकीतून हा विषय आम्हाला समजला ती चूक आमच्याच टेबलावर झाली होती. तेव्हा त्यातून मिळालेला धडाही आम्हीच मांडावा, असे विश्वस्त मंडळाचे मत पडले. मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या त्वचारोग विभागाच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

एक अर्ज, एक वही

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या पत्नीच्या उपचारासाठी आमच्या रुग्ण साहाय्य निधीकडे अर्ज केला. (रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.) पत्नीच्या अंगावर तीन वर्षे वारंवार पित्त उठत आहे, बाहेरच्या एका डॉक्टरांनी दर महिन्याला घ्यावयाची महागडी इंजेक्शने सुचवली आहेत, तो खर्च झेपत नाही, असा अर्जाचा आशय होता. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेतील निर्धन किंवा दुर्बल घटकांत हे कुटुंब उत्पन्नामुळे बसत नव्हते. म्हणजे प्रश्न होता तो देणगीदारांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आमच्या स्वतःच्या निधीचा. त्या आठवड्यात टेबलावर डायलिसिसचे अर्ज होते, हृदयाच्या झडपेचा अर्ज होता, एका लहान मुलाच्या कर्करोगाचा होता. आम्ही या अर्जावर 'व्याधी प्राणघातक नाही, साहाय्य देता येत नाही' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली.

चार दिवसांनी ते गृहस्थ स्वतः आले. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मदत नाही मिळाली तरी चालेल. पण आपण हिशेबातले माणूस. ही वही एकदा पाहून सांगा, आमचे चुकते कुठे?"

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ आखलेली होती. डावीकडे त्या दिवशी काय खाल्ले, उजवीकडे पित्त केव्हा उठले, कोठे उठले, किती वेळ राहिले. पहिल्या वर्षी वांगे आणि अंडी बंद झाली होती. नंतर तुरीची डाळ, शेंगदाणे, दही, लोणचे, मासळी. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस डाव्या रकान्यात बहुतेक दिवशी मुगाचे वरण, भात, ज्वारीची भाकरी आणि दुधी एवढेच उरले होते. उजवा रकाना मात्र पूर्वीसारखाच भरलेला होता. मधूनमधून 'रात्रभर झोप नाही', 'ओठ सुजला, लग्नाला गेले नाही', 'सासूबाई म्हणाल्या, चोरून काही खाल्ले असेल' अशा नोंदी होत्या.

आमची उभी हयात खातेवह्यांचा ताळमेळ घालण्यात गेली आहे. या वहीचा ताळमेळ काही लागेना. एकाच जेवणानंतर एके दिवशी पित्त उठले होते आणि दुसऱ्या दिवशी नव्हते. उपवासाच्या दिवशीही ते उठले होते. आम्ही ती वही त्वचारोग विभागात घेऊन गेलो. डॉक्टरांनी दहा-बारा पाने चाळली आणि म्हणाले, "या बाईंनी हिशेब चोख ठेवला आहे. पण हा व्यवहार ताटात होतच नाही, तो त्यांच्या रक्तात होतो आहे."

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यास आम्हाला बरेच दिवस लागले. तो आमच्या वाचकांपुढे क्रमाने ठेवीत आहोत.

'पित्त' या शब्दाचा घोटाळा

मराठीत पित्त हा शब्द अनेक कामे करतो. यकृतात तयार होणारा पाचक रस म्हणजे पित्त, छातीत जळजळ झाली तरी पित्त, उलटीतून कडू पाणी पडले तरी पित्त आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरीही पित्तच. आयुर्वेदात या शेवटच्या प्रकाराला शीतपित्त असे स्वतंत्र नाव आहे. व्यवहारात मात्र सारे एकाच शब्दात मिसळून गेले. त्यामुळे गांधी उठल्या की घरातले लक्ष प्रथम पोटाकडे आणि मग स्वयंपाकघराकडे जाते. आंबट बंद, तिखट बंद, आम्लपित्ताची गोळी सुरू. आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याचा घरगुती उपाय तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या थंडाव्याने घटकाभर बरे वाटते, आणि त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण व्याधीचे मूळ पोटात नसून त्वचेत आहे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

वैद्यकशास्त्रात या व्याधीला अर्टिकेरिया म्हणतात. कातडीवर उंचवटे येतात, कडेने लाली असते, खाज अतिशय असते. एक गांध साधारणतः २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जिरते, तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. कित्येकांच्या ओठांना, पापण्यांना किंवा हातापायांना खोलवर सूजही येते. हा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबला तर तो तात्पुरता समजला जातो. त्याचे कारण अनेकदा विषाणूचा संसर्ग, एखादे औषध किंवा क्वचित एखादा पदार्थ असतो. परंतु सहा आठवड्यांहून अधिक काळ गांधी उठतच राहिल्या तर ती व्याधी दीर्घकालीन ठरते, आणि येथून कारणांचा सारा हिशेब बदलतो. दीर्घकालीन प्रकारात अन्नाचे खरे वावडे हे कारण अगदी विरळा आढळते.

ही व्याधी दुर्मीळ नाही. लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोकांना ती असते असे मानले जाते. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे. बहुतेकांना ती ऐन कर्तेपणाच्या वयात गाठते आणि अनेकांच्या बाबतीत दोन ते पाच वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ टिकते.

तिजोरी आणि दोन सह्या

आपल्या त्वचेत रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पोटात असंख्य सूक्ष्म कण असतात आणि त्यांत हिस्टामिन व इतर द्रव्ये साठवलेली असतात. हे हिस्टामिन बाहेर पडले की जवळच्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो व त्वचा फुगते. तीच गांध. तेच हिस्टामिन मज्जातंतूंना चेतवते. तीच खाज.

मास्ट पेशी म्हणजे एक तिजोरी समजू. सार्वजनिक न्यासाचे बँक खाते जसे एका विश्वस्ताच्या सहीने चालत नाही, दोघांच्या सह्या लागतात, तशीच काहीशी व्यवस्था या तिजोरीची आहे. पेशीच्या पृष्ठभागावर हजारो ग्राहक-रेणू असतात, आणि त्यांवर आयजीई नावाची प्रतिपिंडे बसलेली असतात. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने परक्या पदार्थांना ओळखण्यासाठी घडवलेली प्रथिने. नुसते आयजीई येऊन बसल्याने तिजोरी उघडत नाही. ज्याला कोळंबीचे वावडे आहे त्याच्या शरीरात कोळंबीतील प्रथिन शिरते, ते शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी चिकटते व त्यांना जोडते. दोन सह्या पुऱ्या झाल्या, तिजोरी उघडली. नेहमीच्या अ‍ॅलर्जीचा मार्ग हा असा आहे.

आता प्रश्न असा की कोळंबी नाही, शेंगदाणे नाहीत, औषध नाही, बाहेरचे काहीच आलेले नाही. तरीही रोज संध्याकाळी तिजोरी उघडते ती कोणाच्या सहीने?

शंभर वर्षांचा शोध

मास्ट पेशींचे वर्णन पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात केले. तेव्हा तो केवळ २४ वर्षांचा होता. पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या म्हणून त्याने त्यांना 'चांगल्या पोसलेल्या' अशा अर्थाचे नाव दिले. याच एर्लिखने विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करण्याचे टाळते, निसर्गालाच त्याची जणू भीती वाटते. १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरलेल्या या विद्वानाच्या मताचा प्रभाव पुढे कित्येक दशके टिकला. त्याने स्वतः शोधलेली पेशीच एके दिवशी या मताला अपवाद ठरेल, हे त्याला कळण्याचा संभव नव्हता.

१९२१ साली प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासळीचे वावडे होते. त्यांचे रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. वावडे पोटात नसून रक्तातून वाहणाऱ्या एका घटकात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. हा घटक म्हणजेच आयजीई, हे कळण्यास मात्र १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी तो शोध लावला.

१९८३ साली कॅनडातील संशोधकांनी दीर्घकालीन अर्टिकेरिया आणि थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे यांचा संबंध नोंदवला. शरीर स्वतःवरच उठले असावे, हा पहिला ठळक इशारा होता. १९८६ साली इंग्लंडमधील क्लाइव्ह ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राउसनिट्झ यांच्यासारखाच, पण एका पायरीने पुढचा प्रयोग केला. त्यांनी अर्टिकेरियाच्या रुग्णाचे रक्तजल त्याच रुग्णाच्या त्वचेत टोचले. मासळी नाही, अर्क नाही, परके काहीही नाही. तरीही कित्येक रुग्णांना तेथे गांध उठली. पुढे १९९३ साली मिचिहिरो हिडे, माल्कम ग्रीव्ह्ज व इतर संशोधकांनी त्या रक्तजलातील गुन्हेगार दाखवून दिला. मास्ट पेशीवरच्या आयजीई-ग्राहकालाच पकडणारी ती प्रतिपिंडे होती. जी प्रतिपिंडे परक्याला सोडून स्वतःच्याच शरीराला लक्ष्य करतात, त्यांना स्व-प्रतिपिंडे म्हणतात.

आतल्याच माणसाची सही

आजच्या ज्ञानानुसार स्व-प्रतिपिंडे दोन मार्गांनी तिजोरी उघडतात.

पहिल्या प्रकारात दोष आयजीईमध्येच असतो. परागकण किंवा कोळंबी ओळखण्याऐवजी ते स्वतःच्याच एखाद्या प्रथिनाला परके समजते. थायरॉइड पेरॉक्सिडेज हे असे एक प्रथिन. इंटरल्यूकिन-२४ हे दुसरे, ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. या प्रकारास स्वतःचेच वावडे असे म्हणता येईल. सह्या नेहमीच्याच अधिकाऱ्यांच्या, पण धनादेश घरातल्याच माणसाने पुढे केलेला.

दुसऱ्या प्रकारात आयजीजी या वेगळ्या वर्गाची प्रतिपिंडे काम करतात. ती दोन हातांची असतात. एका हाताने एक ग्राहक आणि दुसऱ्या हाताने शेजारचा ग्राहक पकडून ती दोघांना जोडून टाकतात. काही वेळा ग्राहकाऐवजी त्यावर बसलेल्या आयजीईला पकडतात. येथे धनादेशही नाही आणि अधिकारीही नाही, थेट दोन्ही सह्यांचा शिक्काच उमटवला जातो.

काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र दिसतात, आणि काहींत यांपैकी काहीच सापडत नाही. स्व-प्रतिपिंडे हे या व्याधीचे मोठे कारण आहे, एकमेव नव्हे, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितले आहे.

हे घडते ते रुग्णाच्या कोणत्याही दोषामुळे नव्हे. ताट बदलून ही सही थांबत नाही. चोरून खाल्ल्यामुळेही ती होत नाही. वहीच्या डाव्या रकान्यात एकेक पदार्थ खोडत गेलेल्या त्या भगिनी तीन वर्षे स्वतःला अकारण शिक्षा देत होत्या, आणि घरचेही त्यांना अकारण दोष देत होते. ही व्याधी संसर्गजन्य नाही. तिच्यामुळे कोणाचे ताट, टॉवेल वा अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही.

चाचण्यांचा हिशेब

दीर्घकालीन अर्टिकेरियाचा रुग्ण आला की शेकडो पदार्थांच्या अ‍ॅलर्जी-तपासणीची मागणी बहुधा कुटुंबाकडूनच होते. काही तरी सापडेल, ते बंद करू आणि सुटू, अशी त्यामागे आशा असते. अशा यादीत चार-सहा पदार्थांपुढे 'होकारार्थी' असे छापून येतेही. परंतु रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई असणे आणि त्या पदार्थाने व्याधी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या कागदाच्या आधारे आणखी पाच पदार्थ बंद होतात, आणि गांधी उठतच राहतात.

२०२२ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. सर्वांसाठी पुरेशा तपासण्या म्हणजे नेहमीची रक्तपेशींची गणना आणि ईएसआर किंवा सीआरपी यांसारखी दाह दाखवणारी चाचणी. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणखी दोन : रक्तातील एकूण आयजीईचे प्रमाण आणि थायरॉइड पेरॉक्सिडेजविरुद्धची प्रतिपिंडे. एकूण आयजीई कमी आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे जास्त, असे चित्र दिसले तर दुसऱ्या प्रकारची शंका बळावते.

ग्रॅटन यांच्या प्रयोगावर आधारलेली रक्तजल-त्वचाचाचणी आजही उपयोगी आहे. रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ते गोठू देतात, यंत्रात फिरवून रक्तजल वेगळे काढतात आणि त्याचा अगदी अल्प अंश, सुमारे ०.०५ मिलिलिटर, त्याच रुग्णाच्या हाताच्या त्वचेत टोचतात. शेजारी तुलनेसाठी सलाइन व हिस्टामिन टोचतात. अर्ध्या तासाने सलाइनच्या जागेपेक्षा रक्तजलाच्या जागी मोठी गांध दिसली तर चाचणी होकारार्थी. चाचणीपूर्वी अँटिहिस्टामिन गोळ्या दोन-तीन दिवस बंद ठेवाव्या लागतात. महागडी यंत्रसामग्री लागत नसल्याने लहान रुग्णालयांनाही ही चाचणी करता येते. मात्र रक्तजल एका रुग्णाचे दुसऱ्यास जाणार नाही, याची काटेकोर काळजी हवी. जगभरच्या अभ्यासांत साधारणतः ३० ते ५० टक्के रुग्णांत ही चाचणी होकारार्थी आढळते. तथापि काही निरोगी माणसांतही ती होकारार्थी येते. म्हणून तिला पुरावा न म्हणता साक्ष म्हणावे. अनेक चाचण्यांचे कडक निकष एकत्र लावले, तर पूर्णतः दुसऱ्या प्रकारात बसणारे रुग्ण दहा टक्क्यांहूनही कमी भरतात, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे.

उपचारांच्या पायऱ्या

पहिली पायरी अँटिहिस्टामिन गोळ्यांची. जुन्या गोळ्यांनी गुंगी येत असे. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यांसारख्या नंतरच्या पिढीतील गोळ्यांनी ती कमी येते. येथे एक सर्वसाधारण चूक होते, ती म्हणजे पित्त उठले की गोळी, जिरले की बंद. वास्तविक ही गोळी तिजोरी बंद करीत नाही. बाहेर पडलेल्या हिस्टामिनला ती पुढे काम करू देत नाही. त्यामुळे ती आधीच, म्हणजे रोज नियमित घेणे आवश्यक असते. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हे मात्र त्यांनीच ठरवावयाचे असते, रुग्णाने अथवा औषध-दुकानदाराने नव्हे.

दुसरी पायरी ओमालिझुमॅब या इंजेक्शनची. अमेरिकेत २०१४ साली या व्याधीसाठी त्यास मान्यता मिळाली. ते रक्तातील मोकळ्या आयजीईला धरून ठेवते, त्यामुळे पेशीवर बसण्यास आयजीई उरत नाही व हळूहळू ग्राहकही घटतात. पहिल्या प्रकारच्या रुग्णांना त्याचा गुण अनेकदा लवकर येतो. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांना तो उशिरा येतो, कधी येतही नाही.

तिसरी पायरी सायक्लोस्पोरिनची. हे औषध स्व-प्रतिपिंडे असलेल्या कठीण रुग्णांत उपयोगी पडते. पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून नियमित तपासण्यांशिवाय ते घेता येत नाही. २०२५ साली अमेरिकेत ड्युपिलुमॅब आणि रेमिब्रुटिनिब या आणखी दोन औषधांना मान्यता मिळाली. त्यांपैकी रेमिब्रुटिनिब ही गोळी दोन सह्या झाल्यानंतरचा तिजोरीच्या आतला हुकूमच अडवते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पित्त झटकन बसते हे खरे, परंतु महिनोन्‌महिने त्या घेतल्यास मधुमेह, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू असे व्याज भरावे लागते. त्या अगदी थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात.

कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे असे

• श्वास घेण्यास त्रास, घसा आवळल्यासारखा वाटणे, जीभ सुजणे, आवाज बदलणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ तातडीच्या विभागात आणावे.

• एकच गांध २४ तासांहून अधिक काळ टिकत असेल, खाजेऐवजी दुखत असेल किंवा जिरताना काळपट डाग ठेवत असेल, तर ती निराळी व्याधी असू शकते. त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

• गांधी न उठता नुसतीच सूज येत असेल तर घेत असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

• अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काही रुग्णांचा त्रास वाढतो. अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

• डॉक्टरांच्या सल्ल्याविना कोणताही पदार्थ कायमचा बंद करू नये. गरोदर व स्तनदा मातांनी तर मुळीच नाही.

• वही लिहावयाची असेल तर ती अशी लिहावी : दिवसभरातील गांधींना ० ते ३ गुण (एकही नाही ०, वीसहून कमी १, वीस ते पन्नास २, त्याहून अधिक ३) आणि खाजेला तिच्या तीव्रतेनुसार ० ते ३ गुण. सात दिवसांची बेरीज ० ते ४२ यांच्या दरम्यान येते. उपचार लागू पडतो की नाही, हे या एका आकड्यावरून डॉक्टरांना कळते.

त्या अर्जाचे पुढे काय झाले?

त्या भगिनींची रक्तजल-चाचणी आमच्या रुग्णालयात झाली. रक्तजलाच्या जागी ठळक गांध उठली. आपल्याच रक्ताने आपल्याच हातावर उठलेली ती गांध त्यांनी बराच वेळ पाहिली, आणि सोबत आलेल्या सासूबाईंनाही दाखवली. कोणी काही बोलले नाही. एकूण आयजीई कमी आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे जास्त आढळली. थायरॉइडचे काम तूर्त सुरळीत होते, पण पुढे त्यावर लक्ष ठेवावे लागणार होते.

आजवर त्यांनी अँटिहिस्टामिनची गोळी फक्त पित्त उठल्यावर घेतली होती. ती रोज व वाढीव मात्रेत सुरू झाल्यावर निम्मा त्रास ओसरला. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन सुचवले. ज्या इंजेक्शनसाठी अर्ज आला होता, त्याचा गुण त्यांच्या प्रकारात येण्याची शक्यता कमी होती.

येथे एखादा वाचक म्हणेल, मग आपण तो अर्ज नाकारला ते योग्यच झाले. आम्ही तसे मानत नाही. औषध लागू पडणार नाही म्हणून आम्ही नकार दिला नव्हता. ते आम्हाला ठाऊकच नव्हते. आजार क्षुल्लक आहे असे समजून आम्ही नकार दिला होता. आकडा योगायोगाने बरोबर आला, तरी रीत चुकली असेल तर कोणताही लेखापरीक्षक तो हिशेब मान्य करीत नाही. त्या कुटुंबाला त्या वेळी इंजेक्शनच्या रकमेची नव्हे, योग्य निदानाची आणि दर महिन्याच्या रक्तदाब व मूत्रपिंडाच्या तपासण्यांची गरज होती. ती गरज आमचा निधी सहज भागवू शकत होता. ते गृहस्थ वही घेऊन परत आले नसते तर आम्हाला ते कळलेही नसते. जे परत आले नाहीत, अशांचे अर्ज आमच्या जुन्या फायलींत किती असतील, या विचाराने आम्ही आजही अस्वस्थ होतो.

विश्वस्त मंडळाने त्यानंतर दोन बदल मान्य केले. पहिला असा की रुग्ण साहाय्य निधीच्या अर्जात 'जीवास धोका आहे काय?' या प्रश्नाखाली 'झोप, काम, शाळा व घरचे व्यवहार यांवर काय परिणाम झाला आहे?' हा प्रश्न जोडण्यात आला, आणि संबंधित विभागाच्या डॉक्टरांचे मत घेतल्याविना प्रशासनाने अर्ज निकालात काढू नये असे ठरले. दुसरा असा की दीर्घकालीन अर्टिकेरियाच्या रुग्णास त्वचारोग विभागाने पाहिल्याशिवाय पदार्थांच्या लांबलचक तपासण्या आमच्या प्रयोगशाळेत केल्या जाणार नाहीत. या दुसऱ्या निर्णयाने प्रयोगशाळेच्या उत्पन्नात घट होते. ती आम्ही आनंदाने सोसली आहे.

देणगीदारांस आमचे नम्र निवेदन आहे. आपण दिलेल्या रकमेतून शस्त्रक्रिया झाली, की तिचे छायाचित्र अहवालात छापता येते. कोणाला तीन वर्षांनी रात्रभर झोप लागली, याचे छायाचित्र काढता येत नाही. तरी तेही आपल्या देणगीचेच फलित आहे, याची नोंद येथे करून ठेवीत आहोत.

उपचार सुरू झाल्यावर त्या भगिनींनी नवी वही घातली, गुणांची. कित्येक आठवड्यांच्या चढउतारानंतर एका सोमवारी त्यांचे यजमान ती घेऊन आमच्या कार्यालयात आले व शेवटचे पान उघडून पुढे केले. आठवड्याची बेरीज शून्य होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ताळेबंदातील शून्य पाहून आम्हाला कधी समाधान वाटले नव्हते. ते त्या दिवशी वाटले. पुढेही मधूनमधून एखाद-दुसरी गांध उठतेच, व्याधी पूर्ण गेली असे कोणी म्हणत नाही. पण निघताना यजमान सहज सांगून गेले की रविवारी घरी तुरीच्या डाळीची आमटी झाली होती, आणि सासूबाईंनी ती स्वतः सुनेला वाढली.